डिजिटल वर्गात तोटा कुठे होतो आणि तो कसा आवरायचा

टच पॅनल, प्रोजेक्टरचा बोर्ड, टॅबलेट किंवा क्विझचं ॲप वर्गात येतं तेव्हा फायद्यांची यादी सोबतच येते. तोटे मात्र तासिकेगणिक हळूहळू कळतात, आणि कळेपर्यंत अर्धं वर्ष सरतं. पुढे दिलेले तोटे बहुतेक वर्गांत दिसतात. प्रत्येकाचं कारण आणि त्यावर काय करायचं तेही सोबत आहे. सगळे तोटे काही जात नाहीत. काही ठिकाणी पडदा बंद ठेवणं हाच उपाय आहे आणि तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

आधी घड्याळ लावा

एक आठवडा एवढंच करा: प्रत्येक तासिकेत दोन वेळा टिपून ठेवा. मुलं जागेवर बसली ती वेळ, आणि त्या दिवसाच्या विषयातली पहिली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली ती वेळ. मधल्या अडथळ्यांसमोरही मिनिटं लिहा. हे काम वर्गप्रमुखावर सोपवलं तरी चालतं, मुलं या बाबतीत फार काटेकोर असतात.

४० मिनिटांच्या तासिकेत लॉगिन, केबल, झूम आणि ‘आवाज येत नाहीये’ यात ६ मिनिटं गेली तर ती १५ टक्के झाली. आठवड्याला ५ तासिका आणि वर्षाचे ३६ आठवडे धरले तर १,०८० मिनिटं, म्हणजे पूर्ण २७ तासिका. एका विषयाचे दोन-तीन धडे त्यात सहज बसतात. हा आकडा मुख्याध्यापकांपुढे ठेवला की तांत्रिक मदतीसाठी वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही.

ही मिनिटं का जातात? दिवसभरात एकच पॅनल पाच-सहा जण वापरतात. प्रत्येक जण इनपुट, आवाज आणि झूम आपल्या सोयीने बदलून जातो, आणि पुढचा आला की शून्यापासून सुरुवात. त्यासाठी:

१. तासिका संपताना पॅनल ठरलेल्या स्थितीत सोडायचं: कोरं पान, आवाज मध्यम, स्वतःचं खातं बंद. याला २० सेकंद लागतात.
२. व्हिडिओ आणि फाइल आदल्या दिवशीच मशीनवर उतरवून ठेवायच्या. इंटरनेटवरून थेट चालवायच्या नाहीत.
३. विंडोजमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ला (मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ नये ती वेळ) शाळेची वेळ टाकायची, नाहीतर अपडेटसाठी मशीन नेमकं दुसऱ्या तासिकेला रीस्टार्ट होतं.
४. तीन मिनिटांचा नियम पाळायचा. तीन मिनिटांत चाललं नाही तर खडू उचलायचा आणि दुरुस्ती मधल्या सुट्टीत करायची. चाळीस जणांसमोर वाकून केबल हलवत राहिलं की वर्ग हातचा जातो, आणि नंतर तो परत मिळवायला आणखी पाच मिनिटं लागतात.

चौथा नियम पाळायचा तर धडा खडूवरही निभावेल असा तयार हवा. टाचणात एका ओळीत ‘पडदा नसेल तर काय’ हे लिहून ठेवलं की पुरे. वीज गेली तरी हीच ओळ उपयोगी पडते.

चित्र येतं, टच येत नाही

सगळ्यात जास्त वेळ खाणारा बिघाड हाच, आणि बहुतेक वेळा तो बिघाडच नसतो. लॅपटॉपचं चित्र एचडीएमआय केबलने जातं, स्पर्शाची माहिती मात्र वेगळ्या यूएसबी केबलने परत येते. दुसरी केबल लावलीच नसेल तर पॅनल नुसता टीव्ही होतो. केबल लावूनही टच येत नसेल तर तिची लांबी पाहा. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर आहे. टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दोन केबली जोडल्या की टच मध्येच येतो, मध्येच जातो. रिपीटर (सिग्नल मध्येच पुन्हा जोरकस करणारा भाग) असलेली केबल घ्या, नाहीतर टेबल जवळ सरकवा. दुसरा उपाय फुकट आहे.

टच येतो, पण बोट पॅनलवर आणि कर्सर लॅपटॉपवर? डिस्प्ले ‘एक्स्टेंड’वर, म्हणजे लॅपटॉप आणि पॅनल हे दोन वेगळे पडदे असताना विंडोज कधीकधी स्पर्श भलत्याच पडद्याला जोडतं. कंट्रोल पॅनलमधल्या ‘टॅबलेट पीसी सेटिंग्ज’मध्ये ‘सेटअप’ दाबा. सूचना लॅपटॉपवर दिसली तर एंटर मारून पुढे जा, पॅनलवर दिसली की तिथे बोट लावा. प्रोजेक्टरच्या बोर्डावर रेघ बोटापासून दोन इंच बाजूला उमटत असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे बोट आणि रेघ यांची जुळणी, बिघडलंय. प्रोजेक्टर किंवा बोर्ड यांपैकी काहीही हललं की ते पुन्हा करावं लागतं. पंख्याच्या हादऱ्यानेही प्रोजेक्टर सरकतो, म्हणून दर सोमवारी पहिलं काम हेच ठेवा.

आणि कुणी हात न लावता पडद्यावर ठिपके उमटत असतील, पानं आपोआप उलटत असतील तर? बऱ्याच पॅनलांमध्ये चौकटीच्या दोन बाजूंना इन्फ्रारेड दिवे आणि समोरच्या बाजूंना सेन्सर असतात. काचेपासून काही मिलिमीटरवर या किरणांची जाळी असते आणि ती जिथे तुटेल तिथे ‘बोट’ समजलं जातं. म्हणून सदऱ्याची बाही, ओढणीचं टोक, चिकटवलेली चिठ्ठी, खालच्या खाचेत साचलेली खडूची भुकटी हे सगळं त्याला बोटच वाटतं. थेट ऊन पडलं तरी सेन्सर गोंधळतात. पॅनल बंद करा, कोरड्या मऊ ब्रशने चारही कडांच्या खाचा झाडा, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने काच पुसा. काचेवर थेट फवारा मारू नका, पाणी ओघळून खालच्या कडेत उतरतं. खडूचा फळा पॅनलला अगदी चिकटून असेल तर ही सफाई पंधरवड्यातून एकदा ठरलेलीच समजा.

शेवटच्या बाकावर जाऊन बसा

शिक्षक पॅनलपासून हातभर अंतरावर असतो, त्यामुळे त्याला सगळं लख्ख दिसतं. ७५ इंची पॅनलचा पडदा साधारण १६६ सेंटिमीटर रुंद आणि ९३ सेंटिमीटर उंच असतो. मजकूर आरामात वाचायचा तर पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत बसावं, असा एक जुना व्यवहारी हिशेब आहे. म्हणजे साडेपाच मीटर. शेवटचा बाक ८ मीटरवर असेल तर त्यावरची मुलं आधीच या मर्यादेबाहेर आहेत.

उपाय अक्षराच्या उंचीत आहे. अंतराला २०० ने भागा: ८ मीटरला ४ सेंटिमीटर. शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत एवढी उंची हवी. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं, त्यामुळे दोन ओळींत जागा सोडावी लागते आणि एक ओळ साधारण ८ सेंटिमीटर खाते. टूलबार वगळला तर पानावर नऊ-दहा ओळी, त्याहून जास्त नाहीत. स्लाइड बनवत असाल तर ३६ ते ४० पॉइंटच्या खाली उतरू नका. पाठ्यपुस्तकाचं पूर्ण पान पडद्यावर टाकणं म्हणजे मागच्या दोन रांगांना त्या वेळेपुरती सुट्टी देणं. परिच्छेद मोठा करून दाखवा, नाहीतर सरळ ‘पुस्तक उघडा’ म्हणा.

चकाकी तपासायची युक्ती सोपी आहे. पॅनल बंद करा आणि चारही कोपऱ्यांतल्या बाकांवर आळीपाळीने बसा. काळी काच आरशासारखं काम करते: ज्या बाकावरून तिच्यात खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसते, त्या बाकावरच्या मुलाला पडद्याचा तेवढा भाग दिसत नाही. हे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करा, कारण ऊन जागा बदलतं. मग एखाद्याच खिडकीला पडदा लावून भागतं आणि सगळा वर्ग अंधारात ठेवावा लागत नाही. अंधारात मुलं लिहीत नाहीत, नुसती पाहतात. (आणि काही झोपतात.)

मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर तो पॅनलवर अगम्य चिन्हांच्या रांगा होऊन येतो. घरून निघण्याआधी पीडीएफ करा.

एक बोर्डापाशी, एकोणचाळीस बाकावर

‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द इथे उघडा पडतो. एका मुलाला बोर्डाशी बोलावून चित्र योग्य जागी ओढायला सांगितलं की त्याचा जाऊन-येऊन ४५ सेकंदांचा खेळ होतो. चाळीस मुलांना एकेक संधी द्यायची तर ३० मिनिटं लागतात, आणि प्रत्येक मूल त्यातली सव्वाएकोणतीस मिनिटं प्रेक्षक असतं. त्यातही हात वर करणारी तीच ती पाच-सहा मुलं पुढे येतात.

याला साधा तोडगा आहे: आधी सगळ्यांनी वहीत, मग एकाने बोर्डावर. प्रश्न दाखवा, दोन मिनिटं वहीत उत्तर लिहून घ्या, शेजाऱ्याशी ताडून पाहायला एक मिनिट द्या, आणि मग हजेरी क्रमांकाची चिठ्ठी काढून एकाला पुढे बोलवा. त्याने जे ओढलं त्यावर बाकीच्यांनी आपलं उत्तर तपासायचं. आता बोर्डावरची कृती हे सगळ्यांच्या कामाचं उत्तर ठरतं. लहान वर्गांत ओढायच्या वस्तू पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवा. पॅनलची खालची कड जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर वरची १८३ वर जाते, आणि पहिली-दुसरीतल्या मुलांचा हात तिथे पोचत नाही.

दुसरा तोटा फारसा कुणी बोलून दाखवत नाही: पान उलटलं की मागचं गेलं. फळ्यावर गणिताची पहिली पायरी शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहते आणि मागे पडलेलं मूल मान वर करून ती शोधतं. पॅनलवर सातव्या पायरीला नवं पान आलं की ते मूल सुटलंच. म्हणून शेजारचा फळा काढू नका. सूत्र, दिलेली माहिती, नवे शब्द असं तासिकाभर लागणारं सगळं फळ्यावर. बदलणारं आणि हलणारं, म्हणजे आलेख, नकाशा किंवा आकृतीचं फिरणं, ते पॅनलवर. भूमितीची सिद्धता फळ्यावरच लिहा, त्यात पॅनलचा काही उपयोग नाही.

क्विझ: रंगीत आणि फसवी

क्विझ ॲपवर मुलं उड्या मारतात, त्यामुळे शिकणं चाललंय असं वाटतं. निकालाचा आकडा मात्र जरा फुगलेला असतो. चार पर्याय, ४० मुलं. समजा २४ जणांना उत्तर खरोखर येतं आणि १६ जण अंदाजे ठोकतात. त्या १६ पैकी सरासरी चौघांचं बरोबर येईल, आणि पडद्यावर २८, म्हणजे ७० टक्के दिसतील. खरा आकडा ६० आहे. हा फरक कमी करायला पाचवा पर्याय ठेवा, ‘अजून कळलं नाही’, आणि तो निवडल्याबद्दल गुण कापू नका किंवा नावही घेऊ नका. पहिल्या आठवड्यात कुणी तो दाबत नाही, काही होत नाही हे दिसलं की दाबतात.

वेगाचे गुण बंद करा. टायमर चालू असला की वाचणारं मूल हरतं आणि झडप घालणारं जिंकतं, आणि दोन-तीन फेऱ्यांत संथ मुलं वाचणंच सोडून देतात. बहुतेक ॲपमध्ये वेळ वाढवायची, गटात खेळायची किंवा क्रमवारी लपवायची सोय असते. खेळायच्या नावाऐवजी हजेरी क्रमांक टाकायला लावा, नाहीतर पहिली पाच मिनिटं विचित्र नावांवर हसण्यात जातात.

पर्याय कसे लिहायचे यावर क्विझचं सगळं मोल ठरतं. १/२ + १/३ किती, याला ५/६ सोबत ७, १० आणि १०० असे पर्याय दिले तर उत्तर न येणारं मूलही बरोबर दाबेल. मुलं खरोखर ज्या चुका करतात त्या पर्याय म्हणून द्या:

- २/५: वरचे वरचे आणि खालचे खालचे मिळवले.
- २/६: छेद समान केला, अंश तसेच ठेवले.
- १/६: बेरजेऐवजी गुणाकार केला.

आता स्तंभालेखात १४ जणांनी २/५ निवडलेलं दिसलं, तर पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका. ॲप फक्त लाल फुली दाखवून पुढे सरकतं, कारण त्याला चूक मोजता येते, तिचं कारण विचारता येत नाही. थांबा, आणि विचारा: अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून मोठं यायला हवं की लहान? आणि २/५ अर्ध्याहून मोठे की लहान? दोन पट्ट्या काढून दाखवा. एवढ्याने १४ पैकी बरेच जण स्वतःच चूक पकडतात. दहा मिनिटांत दहा प्रश्न उरकण्यापेक्षा असे तीन प्रश्न पुरेत.

हाताने करायचं ते हातानेच

पडद्यावरचं वर्तुळ नेहमी अचूक येतं: केंद्र निवडा, त्रिज्या ओढा, झालं. परीक्षेत मात्र मुलाच्या हातात कंपास असतो, टोक सरकतं, पेन्सिल सैल होते. रचनेच्या धड्यात पडदा एकदाच, क्रम समजावण्यापुरता, दोन मिनिटं दाखवा आणि बंद करा. उरलेल्या वेळात बाकांमधून फिरा.

विज्ञानाच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या आभासी प्रयोगात, बल्ब जोडला की पेटतोच. खऱ्या मंडलात तो पेटत नाही, कारण तारेचं वेष्टण नीट सोललेलं नसतं, सेलचा संपर्क सैल असतो किंवा बल्बच गेलेला असतो. तो का पेटत नाही हे शोधणं हाच प्रयोगातला खरा अभ्यास आहे. आधी खऱ्या तारा, सेल आणि बल्ब द्या, मग सिम्युलेशनवर जा. तिथे हातात न सापडणारं दाखवा: प्रवाह, किंवा एकेक सेल वाढवत गेल्यावर काय होतं. क्रम उलटा केला तर मुलांना खरा प्रयोग ‘बिघडलेला’ वाटतो. अणू, ग्रह, रक्ताभिसरण अशा हातात न घेता येणाऱ्या गोष्टींसाठी मात्र सिम्युलेशन बिनधास्त वापरा.

लेखनाचंही तसंच. बोटाने काचेवर काढलेल्या ‘क्ष’ला कागदाची खरखर नसते आणि लिहिताना मनगट टेकवता येत नाही, टेकलं तर तिथे भलतीच रेघ उमटते. अक्षर गिरवणं पाटीवर किंवा वहीवरच ठेवा.

टॅबलेट असतील तर

वाटप हीच पहिली गळती. एकेका मुलाला बोलावून १५ सेकंदांत एक टॅबलेट दिला तरी चाळीसांना १० मिनिटं लागतात. टॅबलेटवर हजेरी क्रमांक चिकटवा आणि चार गटप्रमुखांकडून एकाच वेळी वाटून घ्या, अडीच-तीन मिनिटांत होतं. परत घेताना रिकामी खाच दिसली की कुणाचा राहिला ते लगेच कळतं. चार्जिंगच्या ट्रॉलीवर कापड घालू नका, बॅटऱ्यांची उष्णता बाहेर पडायला हवी. ज्या टॅबलेटची पाठ फुगलेली दिसेल तो चार्जिंगला न लावता बाजूला काढा.

वाय-फायचा हिशेब आधीच करा. ७२०पी दर्जाच्या (मध्यम स्पष्ट) व्हिडिओला अडीच ते तीन एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग लागतो, चाळीस जणांनी एकदम लावला तर १०० ते १२०. साधा घरगुती राउटर इतकी उपकरणं सहसा सांभाळू शकत नाही, म्हणून वेग चांगला असूनही निम्म्या मुलांचं पान फिरत बसतं. व्हिडिओ पॅनलवर एकदाच लावा. टॅबलेट फक्त उत्तर देण्यापुरते.

लक्ष उडणं हा सगळ्यांच्या ओळखीचा तोटा, पण तो शेजाऱ्यालाही लागतो. २०१३ साली कॅनडात विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात, लॅपटॉपवर भलतंच काही करणाऱ्यांचा पडदा ज्यांच्या नजरेत होता त्यांना, तो न दिसणाऱ्यांपेक्षा चाचणीत सुमारे १७ टक्के कमी गुण मिळाले. स्वतः लॅपटॉप न वापरताही. म्हणून टॅबलेटच्या कामात बाकं अशी वळवा की पडदे शिक्षकाला दिसतील आणि मागच्या मुलाला दिसणार नाहीत. बोलायचं असेल तेव्हा ‘टॅबलेट पालथे’ ही एकच ठरलेली सूचना द्या. आवाज कमी करा, नीट बसा असल्या सूचनांनी काही होत नाही.

खासगी गोष्टी आणि डोळे

स्वतःचा लॅपटॉप जोडताना विंडोज आणि पी ही कळ दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा आणि सूचना बंद करा, नाहीतर घरचा निरोप सगळा वर्ग वाचतो. गुणांची यादी तर चुकूनही पडद्यावर येऊ नये. पॅनलच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नका. मुलांची खाती पूर्ण नाव आणि जन्मतारीख न देता उघडता येत असतील तरच ते ॲप घ्या. फुकट ॲप मुलांची माहिती कुठे पाठवतं ते वाचायला अर्धा तास काढावा लागतो, आणि तो एकाच शिक्षकाने सगळ्या शाळेसाठी काढला तरी चालतं.

सलग २० मिनिटं पडदा झाला की २० सेकंद मुलांना सहा मीटर लांबचं काहीतरी बघायला लावा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारं एखादं मूल वर्गात असू शकतं, म्हणून बरोबर-चूक फक्त रंगाने दाखवू नका, शेजारी खूण किंवा अक्षर द्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे व्हिडिओ टाळा, अपस्माराचा त्रास असलेल्या मुलांना ते धोक्याचे असतात.

कुठला धडा पडद्यावर ठेवायचा

संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित आणि विज्ञानात ठळक सुधारणा दिसली नाही, असं ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालात नोंदवलं होतं. तुमच्या वर्गाचं उत्तर मात्र तुम्हालाच काढावं लागेल, आणि ते फार अवघड नाही. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या असतील तर एक घटक एकीला पॅनलवर आणि दुसरीला फळ्यावर शिकवा. पुढच्या घटकाला अदलाबदल करा, म्हणजे हुशार तुकडीचा फायदा एकाच पद्धतीला मिळणार नाही. दोन आठवड्यांनी, न सांगता, दोन्ही तुकड्यांना तेच पाच प्रश्न कागदावर द्या. ॲपवर नको, नाहीतर पॅनलवाल्या तुकडीला सवयीचा फायदा मिळतो.

घटकाच्या नावापुढे दोन्ही सरासऱ्या आणि तयारीला लागलेला वेळ लिहा. जिथे गुण सारखे आले आणि पॅनलच्या तयारीला दोन तास गेले, त्या घटकाची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि पुढच्या वर्षी तो खडूने शिकवा. त्यातलं एखादं चित्र किंवा हलती आकृती तेवढी बाजूला काढून ठेवा, दोन मिनिटांपुरती ती लागतेच.